उजेड पाडणे

मका निघाला, यंत्रं शेडमध्ये गेली.
नोव्हेंबरात नेब्रास्कात उरतो तो वारा
आणि कुंपणाच्या तारा.
स्वयंपाकघराच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून
डेलबर्ट सकाळपासून बसलाय.

मागच्या आठवड्यात ह्रुश्कांच्या घरात कुणीतरी शिरलं,
औषधांचं कपाट उपसलं,
मायक्रोवेव्ह नेला,
आणि का कोण जाणे, फ्रीजमधला हॅम.
शेरीफला पोचायला चाळीस मिनिटं लागतात,
बर्फ असला तर देव जाणे.
माणसाचा काही नेम नाही, म्हणाला डेलबर्ट,
आणि नेमाच्या मागे लागला.

खोक्यातून निघाला अंगठ्याएवढा दिवा,
त्याच्या पोटाशी मक्याच्या दाण्याएवढा लेझर.
पिस्तुलाच्या नळीखालच्या खाचेत तो सरकवायचा,
टक् असा आवाज येईपर्यंत.
मग स्क्रू. मग स्क्रूवर निळ्या डिंकाचा थेंब,
धक्क्याने सैल पडू नये म्हणून.
एकोणपन्नास वर्षांच्या संसारात
माझ्या कपाटाची एक बिजागरी
या माणसाने इतक्या मायेने बसवली नाही.

गोळ्या दुसऱ्या खोलीत. तरी तीनदा चेंबर पाहतो,
आत बोट घालून,
वासराचे दात बघावेत तसा.

दुपारी गवताच्या गठ्ठ्यावर कागदी थाळी टाचली,
सात यार्डांवर.
लाल ठिपका एकीकडे, भोक दुसरीकडे.
इवलीशी किल्ली पाव फेरा फिरवायची,
पुन्हा बार, पुन्हा पाव फेरा.
उन्हं उतरेपर्यंत ठिपक्याला भोक सापडलं.
आम्हाला एकमेकांत बसायला
याहून बराच जास्त वेळ लागला होता.

रात्री दिवे घालवून तालीम, रिकाम्या पिस्तुलाने.
ठिपका फ्रीजवरून चालला,
बियाणं कंपनीच्या कॅलेंडरवरून,
लेनाच्या पदवीच्या फोटोवर, नेमका कपाळावर,
तिथून दचकून उडाला
आणि बिस्किटला दिसला.
मांजरच ते. भिंतीवर झेपावलं, खुर्चीखाली शिरलं,
ठिपका माझ्या सपातेवर आला
तर सपातेवर.

"रिकामं आहे, आर्डिथ."
"मांजराला ते माहीत नाही," मी म्हटलं,
"माझ्या पायालाही नाही."

मग मी दिवा लावून बसले समोर.
"खुडबुड झाली तर काय करशील?"
"उजेड टाकीन."
"कशावर?"
"जिथून आवाज येईल तिथे."
"म्हणजे आधी नळी रोखायची
आणि मग बघायचं, कोण आहे ते?"

तो काही बोलला नाही.
रात्री दोनला दूध प्यायला मी उठते.
लेना ओमाहाहून न कळवता येते, मागच्या दाराने.
आणि ह्रुश्कांचं, ते सगळ्या गावाला ठाऊक आहे,
चर्चच्या पायऱ्यांवर कुणी बोलत नाही इतकंच:
आजीच्या गोळ्या कुठल्या कप्प्यात
हे चोराला अचूक माहीत होतं.
त्याला ट्रॅक्टर चालवायला डेलबर्टनेच शिकवलं,
मांडीवर बसवून.
हॅम नेला म्हणजे
पोर उपाशीही असणार.

डेलबर्ट उठला, कोट चढवून शेडमध्ये गेला.
बऱ्याच वेळाने आला तो जुना टॉर्च घेऊन,
पिवळा, पोचे पडलेला,
फेब्रुवारीत गाई विताना हातात असतो तो.
नव्या बॅटऱ्या घातल्या.
पिस्तूल कुलपाच्या पेटीत, पेटी ड्रॉवरमध्ये,
टॉर्च वर, चष्म्याच्या शेजारी.
"आधी हाक," तो म्हणाला, "मग हा. मग ते."
"काय उजेड पाडलास," मी म्हटलं,
पण हळू आवाजात.

रात्री दोनला उठले.
मुद्दाम पावलं वाजवली.
"मी आहे," म्हटलं,
आपल्याच घरात, आपल्याच नवऱ्याला.
अंधारातून पिवळा उजेड आला
खाली, लाकडी जमिनीवर,
माझ्या पावलांच्या जरा पुढे,
चालायला पुरेल इतका.

ड्रॉवर मात्र
बोटभर उघडा होता.